सेनापतींचं कलम

नीलबेट देश परकीयांच्या तावडीतून सुटला आणि तिथे राज्यघटना लिहायला समिती बसली. लढा जिंकून देणारे सेनापती व्यंकोजी धुरी आता राष्ट्राध्यक्ष व्हायला निघाले होते. ते समितीवर गरजले, “लिहा! राष्ट्राध्यक्षाला कोणताही कायदा लागू नाही.”

विरोध करणाऱ्या दोघा सदस्यांना त्यांनी सकाळीच घरी पाठवलं होतं, त्यामुळे बाकीच्यांनी माना डोलावल्या. वकील इंदुमती पावले यांनी मात्र शांतपणे पेन उचललं.

“लिहिते. पण साहेब, तुम्हाला राष्ट्राध्यक्ष करणार कोण?”

“ही घटनाच की! घटना म्हणजे देशाचा सर्वांत मोठा कायदा!”

“पण तुम्हाला तर कोणताच कायदा लागू नाही.”

 सेनापती मिशी चावत हळूच म्हणाले, “बाई, ते वाक्य खोडा. आणि खाडाखोड दिसणार नाही असं खोडा!”