परकराचा खिसा

परदेशात पासपोर्ट कुठे ठेवायचा, याबद्दल रत्नागिरीच्या आठल्येबाईंचं मत ठाम होतं. युरोपच्या सहलीत त्यांनी बसमधल्या सगळ्यांना ऐकवलं, "मी परकराला आतून खिसा शिवलाय. पासपोर्ट, पैसे, सगळं तिथेच!"

"बाई, जत्रेला निघालात की काय?" निवृत्त उपजिल्हाधिकारी पानवलकर खो खो हसले. त्यांचं महागडं पाऊच पोटावर मिरवत होतं.

पुढे एका गजबजलेल्या चौकात फोटो काढताना हे दोघे मागे पडले. तोच एक रुबाबदार माणूस आडवा आला आणि बिल्ला नाचवत इंग्रजीत गुरकावला, "पोलीस! खोट्या नोटा फिरताहेत. पासपोर्ट आणि पैसे तपासायला द्या."

पानवलकरांचा हात लगेच पाऊचच्या चेनकडे गेला. बाईंनी तो छत्रीने अडवला.

"देते की साहेब," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "पण माझं सगळं परकराच्या आत आहे. बाईमाणसाची झडती बाईच घेणार. बोलवा तुमच्या बाई पोलिसाला! ती येईपर्यंत तुम्ही हलायचं नाही, आम्हीही हलत नाही."

येणारेजाणारे थांबून बघू लागले. साहेबाने फोन कानाला लावला आणि बोलत बोलत गर्दीत जो शिरला, तो पुन्हा दिसला नाही.

पानवलकरांनी घाम पुसला. "पासपोर्ट त्या खिशात होता म्हणून वाचलो, बाई!"

"त्या खिशात आवळासुपारी आहे," बाई म्हणाल्या. "अख्ख्या बसला सांगितलेल्या जागी पासपोर्ट कोण ठेवतं?"