बेचाळीस की चाळीस

"…म्हणजे छाती बेचाळीस ठेवू की चाळीस, एवढंच सांगा बाबा."

फौजीबाबांनी हातातली विणायची कानटोपी खाली ठेवली नाही. टाका उचलता उचलता त्यांनी मठाच्या अंगणाकडे पाहिलं.

अंगणात चटईवर हेमांगीनं वडिलांसाठी विणलेला एक राखाडी स्वेटर पसरला होता. ओला, चारी बाजूंनी ताणलेला, कडेकडेने टाचण्यांनी जखडलेला.

"एवढ्या टाचण्या? काय गुन्हा केलाय त्यानं?"

हेमांगी हसली नाही. विणलेली लोकर भिजवून मापाला ताणली आणि तशीच वाळू दिली, की ती ते माप धरते. हे शास्त्र ती सहा वर्षं स्कॉटलंडमध्ये शिकली होती. तोरणमाळच्या बायांना ते शिकवायचं, या डोंगरात एकही माणूस थंडीनं कुडकुडू द्यायचा नाही, असं ठरवूनच ती परतली होती. चार महिने मठातच राहत होती.

पहिल्या दिवशी ती बाबांनाही शिकवायला निघाली होती. बर्फानं त्यांची दोन बोटं नेली, तेव्हा लष्कराच्या इस्पितळात पडल्या पडल्या ते विणायला शिकले होते. उरलेल्या आठ बोटांनी घातलेले त्यांचे टाके पाहिले आणि तिनं आपल्या सुया पिशवीत ठेवल्या.

"कितव्यांदा भिजवलास?"

"चौथ्यांदा."

"आणि आधीच्या तीन वेळा?"

"पहिल्यांदा बेचाळीस केला. मग दादाचा फोन आला, आप्पा फार बारीक झालेत म्हणून. मग चाळीस केला. मग वाटलं, दादाला राईचा पर्वत करायची सवयच आहे. पुन्हा बेचाळीस. आणि आता…"

"आता टाचण्या बेचाळीसवर आणि जीव चाळीसवर."

"हे बेचाळीस आणलंस कुठून?"

"जायच्या आधी त्यांचा सदरा मोजला होता."

"सहा वर्षांपूर्वी?"

"…हो."

बाबांनी एक ओळ पुरी केली. मग म्हणाले, "शहादा इथून काही सातासमुद्रापलीकडे नाही. जाऊन मोजून ये."

"कशी जाऊ? मी निघाले तेव्हा आप्पा म्हणाले होते, गेलीस तर या घराची पायरी चढू नकोस." तिचा आवाज चढला. "मी जाणार आहे बाबा. पण हातात असं काम घेऊन, की त्यांना बोट ठेवायला जागा सापडू नये! त्यांना दिसू दे, पोरगी काय शिकून आली ते."

बाबा उठले. चटईपाशी उकिडवे बसले. स्वेटरची कड उलटून आतली बाजू पाहिली. दोऱ्याचं एक टोकही वर दिसत नव्हतं.

"सुरेख," ते म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

आणि त्यांनी पहिली टाचणी उपटली.

"बाबा!"

दुसरी. तिसरी.

"अहो, वाळल्याशिवाय काढायच्या नसतात त्या! आकार जाईल!"

"जाऊ दे."

गळा सैल पडला. बाह्या आत आल्या. तीन तास खपून आखलेल्या रेषा बघता बघता मोडल्या. हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आम्ही कसं करतो, पाहिलंस ना इथं?"

तिनं पाहिलं होतं. बाबा ओलं विणकाम ज्याचं त्याच्या अंगाला लावत, खांद्यावर, छातीवर तळव्यानं थापटून त्याच्या मापाला बसवत, आणि मगच उन्हात टाकत. तिनं वहीत लिहूनही ठेवलं होतं : 'पद्धत अशास्त्रीय.'

बाबांनी स्वेटर पंच्यात गुंडाळला, वर गुडघा रोवून पाणी काढलं, सोडवला, घडी घातली आणि तिच्या हातांवर ठेवला. गार आणि जड.

"गाडी किती वाजता?"

"अडीचला."

"आता दोन वाजत आलेत."

ती जागची हलली नाही.

"आप्पांनी दारच उघडलं नाही तर?"

बाबा पुन्हा ओट्यावर जाऊन बसले. कानटोपी उचलली. सुया चालू लागल्या.

"पण बाबा, हा पुरा कुठं झालाय? अजून ओला आहे!"

बाबांनी मान वर केली नाही.

"गाडीत उन्हाच्या बाजूला बसू नकोस."