पापडावरचे काळे ठिपके

एका टेकडीच्या पायथ्याशी एक पापडवाली राहायची. जीभ तिखट, पण पापड चोख. तिची एक जुनी खटारा मोटार होती. आठवडी बाजाराला डबे घेऊन जायची आणि बाकीचे दिवस चिंचेखाली निवांत उभी असायची.

एकदा राजाने दवंडी पिटवली. "धुराच्या गाड्या बंद. खंडेनवमीला प्रत्येकाने जुनी मोटार मोडीत काढावी आणि विजेची घ्यावी. जो ऐकणार नाही, त्याला बाजारात बसता येणार नाही."

लोकांनी निमूटपणे घण उचलले. पापडवालीने मोटारीला झेंडूची माळ घातली. "सकाळी हळदकुंकू वाहायचं आणि दुपारी घण घालायचा? मला नाही जमायचं," असं शिपायाच्या तोंडावर सांगून ती सरळ दरबारात गेली. बाजारातली जागा गेली तर चूल विझणार, हे तिला ठाऊक होतं. तरी पाऊल मागे पडलं नाही.

"महाराज, हा पापड खाऊन पाहा."

राजाने तुकडा तोंडात टाकला. दाताखाली कचकच झाली. "यावर काळं काय आहे?"

"तुमच्या नव्या गाड्यांची काजळी. टेकडी पोखरून, भट्ट्या पेटवून त्या घडवताय. तो धूर रोज माझ्या अंगणात उतरतो. माझी मोटार आठवड्यातून एकदा हलते. तिच्या जागी नवी घडवलीत, तर धूर घटेल की वाढेल?"

"हुकूम सगळ्यांना सारखा असतो, बाई."

"पण वापर सारखा नाही ना, महाराज. तुमच्या प्रधानाची गाडी दिवसभर हिंडते, ती आधी बदला. माझी न्यायचीच असेल तर माझ्या अंगावरून न्या."

राजा चिडला खरा, पण तोंडातली कचकच काही केल्या जाईना. शेवटी त्याने हुकूम बदलला. रोज धावणाऱ्या गाड्याच तेवढ्या बदलायच्या ठरल्या. भट्ट्या कमी झाल्या आणि पापड स्वच्छ वाळू लागले.

गावाने पापडवालीला डोक्यावर घेतलं. दर खंडेनवमीला तिच्या मोटारीवर गावभरचे हार पडू लागले. पापडांचंही नाव झालं. मोटार आता रोज शहराच्या फेऱ्या मारू लागली.

मग एका सकाळी पापडांवर पुन्हा काळे ठिपके दिसले. पापडवाली तणतणत टेकडीवर गेली. भट्ट्या तर थंड होत्या. परत येऊन पाहते, तर मोटारीजवळच्या बाजेवरचे पापड सगळ्यांत काळे. तिला फार वाईट वाटलं, आणि लाजही वाटली.

त्याच आठवड्यात तिने मोटार मोडीत दिली आणि विजेची गाडी आणली. गाव खवळलं.

"मावशी, राजापुढे वाकली नाहीस आणि आता शेपूट घातलीस? आमचं नाक कापलंस."

"तेव्हा राजाचं ऐकलं असतं, तर आज तुमचंही ऐकलं असतं," ती म्हणाली. मोटारीला दरवर्षी सगळ्यांत मोठा हार घालणाऱ्याच्या हातात तिने त्या बाजेवरचा काळा पापड ठेवला. "खा."

कचकच साऱ्या गावाला ऐकू आली.

तात्पर्य इतकंच: गाडी जुनी की नवी, हे राजाला विचारू नये आणि गावालाही विचारू नये, तिची काजळी कुठे पडते ते आधी आपल्या अंगणात पाहावं, आणि जे दिसेल त्याला भिऊ नये.