निधी-निक्षेपासहित

“बाबा, कागद पक्का आहे. मग तो जमिनीतून उठत का नाही?”

हैबतीनं असं विचारलं तेव्हा नूरशा फकीर बाभळीखाली भाकरी खात होते. माझा आजा सांगायचा ही गोष्ट, त्याच्या आज्याच्या काळातली. स्टांपाचा कागद तेव्हा नवा नवा आला होता.

“कोण उठत नाही?”

“मल्लाप्पा. शिवाप्पाचा बाप.”

मल्लाप्पाला जाऊन सात वर्षं झाली होती. लिंगायताचं माणूस, म्हणजे जाळत नाहीत, बसवून पुरतात. त्याला त्याच्याच शेतात बसवला होता. यंदा ते शेत शेजारच्या हैबतीनं विकत घेतलं.

“शिवाप्पानं सांगितलं नव्हतं?”

“सांगितलं की. हात जोडून म्हणाला, दादा, बापाची तेवढी चार हात जागा कागदातून सोडा. सोडायला मी काय खुळा? म्हातारा चिकट होता, काहीतरी पुरून ठेवलं असणार. मी उलट कारकुनाला ठासून लिहायला लावलं.”

“काय लिहिलं?”

हैबतीला वाचता येत नव्हतं, पण तेवढी ओळ पाठ होती. छाती काढून म्हणाला, “झाड, पाणी, गवत, दगड, निधी, निक्षेप... आत जे काही असेल त्यासहित, वंशपरंपरेनं.”

“निक्षेप म्हणजे?”

“पुरलेलं, बाबा.”

फकीर हसले... आणि हसता हसता थांबले.

“बरं. पुढं?”

“सूर्य डोक्यावर आला की बैल त्या जागी उभे राहतात. माझे बैल, त्या रानात कधी न गेलेले! आसूड ओढला तरी हलत नाहीत. आणि खालून... कोणीतरी काहीतरी विचारतं. रोज तेच. शब्द कळत नाहीत, पण विचारतंय एवढं कळतं. आता पण औत तसंच सोडून आलोय. पेरणी हातची चालली, बाबा. त्याला उठवा, नाहीतर गप्प करा.”

“शिवाप्पाला ने की. बाप त्याचा.”

हैबती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

“नेला होता परवा. भुईला कान लावून बसला, ऊन कलेपर्यंत. त्याला काहीच ऐकू आलं नाही. मी शेजारीच उभा होतो, मला येत होतं... रडत गेला बिचारा.”

फकीर उठले. उरलेली अर्धी भाकरी फडक्यात बांधून घेतली. दोघं रानात गेले.

ऊन नुसतं उभं होतं. वारा नाही, पाखरू नाही. बैल तिथंच, माना खाली घालून, कान भुईकडं.

हैबती बांधावरच थांबला.

“ये की पुढं,” फकीर म्हणाले. “रान तुझं आहे ना?”

ते गुडघे टेकून बसले, मातीला कान लावला. बराच वेळ... मग वडीलधाऱ्या माणसाचं बोलणं ऐकून हलवावी तशी मान हलवली. फडकं सोडलं, भाकरी काढली आणि हैबतीच्या हातावर ठेवली.

“काय... काय म्हणतोय?”

“शिवाप्पाचं नाव घेत नाही आता तो,” फकीर म्हणाले. “विचारतोय... जेवलास का रे, हैबती?”