चूक पोटात घालणारी काठी

एका डोंगरावरच्या गावात गोल्फचं एक जुनं मैदान होतं. विश्रामराव नावाचे निवृत्त हेडमास्तर तिथे रोज सकाळी खेळायला येत. पहिल्याच फटक्याला एक ओढा आडवा यायचा आणि ओढ्यापलीकडे होतं एक जांभळाचं झाड. आपला चेंडू सरळ उडून त्या झाडाखाली पडावा, एवढीच त्यांची हौस उरली होती. चेंडू मात्र कधी करवंदीच्या जाळीत शिरायचा, कधी ओढ्यात बुडायचा. हेडमास्तरांचं ऐकायची त्याला सवयच नव्हती.

पूर्वी त्यांच्या सोबत दौलतराव असत. विश्रामरावांना लांबचं धड दिसत नसे. फटका मारला की ते विचारायचे, "कुठं पडला रे?" आणि मागे उभे असलेले दौलतराव सांगायचे. वीस वर्षं असं चाललं. मग एका सामन्यात विश्रामरावांनी निर्णायक फटक्यासाठी काठी उचलली आणि नेमका तेव्हाच दौलतरावांना सुपारीचा ठसका लागला. चेंडू ओढ्यात गेला आणि चषक दुसऱ्याच्या घरी. दौलतराव दोनदा माफी मागायला आले. विश्रामरावांनी दार उघडलं नाही. त्याला आता तीन वर्षं झाली होती.

एके दिवशी विश्रामराव काठ्या विकणाऱ्या बाबालालकडे गेले.

"पहिल्या फटक्याची काठी दे. लांब आणि सरळ मारणारी."

बाबालालने दोन ड्रायव्हर, म्हणजे पहिल्या लांब फटक्याच्या काठ्या, पुढे ठेवले. विश्रामरावांनी लगेच लहान डोक्याचा, चकचकीत, पट्टीच्या खेळाडूंचा उचलला.

"गुरुजी, तो नको," बाबालाल म्हणाला. "चेंडू मधोमध लागला तरच त्याचा गुण. जरा इकडंतिकडं झालं की शिक्षा करतोय. हा दुसरा घ्या. दिसायला थोराड हाय, पण पोट बघा केवढं! कडेला लागला तरी चूक पोटात घालतोय."

आपलीही चूक होते हे कबूल करणं हेडमास्तरांना जड गेलं. पण हौस मोठी होती. त्यांनी थोराड काठी घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फटका मारला. चेंडू जरा कडेलाच लागला, तरी हाताला कळलं की तो सरळ गेलाय, खूप लांब गेलाय. आनंदाने त्यांच्या तोंडून निघालं, "कुठं पडला रे?"

मागे कुणीच नव्हतं. ओढ्याकाठी एक टिटवी तेवढी ओरडली. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो फटका लागला होता आणि तो कुठे गेला हे सांगायला माणूस नव्हता. दौलतची त्यांना फार आठवण आली. हातातल्या काठीचं पोट आपल्यापेक्षा मोठं आहे, याची त्यांना लाज वाटली.

चेंडू तसाच सोडून ते दौलतरावांच्या घरी गेले. दौलतराव ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. अडकित्ता थांबला.

"दौलत, माझं चुकलं. चल, माझा चेंडू शोधायचाय."

"आणि मला ठसका लागला तर?"

"लागू दे. पोट मोठं असलेली काठी घेतलीय."

"काठीचं राहू दे. तुझं?"

"तेही मोठं करतोय रे. तू चल."

दौलतराव निघाले आणि मैदानावर येऊन ओढा ओलांडून पलीकडे गेले. विश्रामराव ओढ्याच्या अलीकडेच उभे राहिले, कान लावून.

"कुठं पडला रे?" त्यांनी हाक दिली.

पलीकडून तीन वर्षांनी तो आवाज आला, "जांभळाखाली!"

तात्पर्य: आपली चूक कुणीतरी पोटात घालावी असं वाटत असेल, तर दुसऱ्याचा ठसका आधी आपण पोटात घालावा.