भूपालअण्णांचा हेलकावा

"हेलकावा कुणाचा, उस्ताद? तुमचा की अण्णांचा?"

 उस्ताद दावलभाई कागदींनी काड्यांची चाळण लगद्याच्या हौदात बुडवली, वर उचलली, एकदा पुढे-मागे हलवली आणि एकदा आडवी. पाणी गळून गेलं. चाळणीवर कागदाचा ओला ताव उरला.

तो त्यांनी फडक्यावर पालथा केला आणि चाळण पुन्हा बुडवली.

विचारणारा होता उल्हास कुरुंदवाडे. कागद बनवण्याची यंत्रं तयार करणाऱ्या कुरुंदवाडे वर्क्सचा मालक. कारखान्याला पन्नास वर्षं झाली होती आणि त्या निमित्तानं उल्हासनं कारखान्याचा इतिहास स्वतःच लिहिला होता. आधी ते काम एका प्राध्यापकांना दिलं होतं. पण त्यांनी सध्याच्या मालकांचं कौतुक अडीच पानांत उरकलं, म्हणून त्यांना शाल-श्रीफळ देऊन मोकळं केलं.

पुस्तकाचं पहिलं प्रकरण हेलकाव्यावर होतं. कुरुंदवाडे यंत्रात लगदा वाहून नेणारी जाळी पुढे सरकता सरकता आडवीही हलायची, त्यामुळे लगद्यातले तंतू एकाच दिशेला न लागता आडवे-उभे गुंतायचे. त्यालाच कामगार हेलकावा म्हणत, आणि त्याच्याच जोरावर कारखान्यानं नाव काढलं होतं. उल्हासनं लिहिलं होतं, की ही कल्पना त्याच्या वडिलांना, म्हणजे भूपालअण्णांना, एके दिवशी अंघोळ करताना सुचली.

पुस्तकाचं प्रूफ वाचून कारखान्याचा जुना फोरमन म्हणाला होता, "मालक, हेलकावा तर दावलभाईंचा. अख्ख्या शॉपला ठाऊक आहे."

तेव्हापासून उल्हासच्या जिवाला चैन नव्हती. अण्णांना जाऊन तीन वर्षं झाली होती, त्यांना विचारायची सोय नव्हती. आणि हेलकावा अण्णांचा नाही असं ठरलं, तर अण्णांचं उरतं काय, आणि अण्णांचा मुलगा म्हणून मिरवणाऱ्या आपलं उरतं काय, ही त्याची खरी भीती होती. रविवारी पुस्तकाचं प्रकाशन होतं. म्हणून बाकीची छपाई थांबवून तो पुस्तकाची पहिली प्रत आणि एक टाइप केलेलं पत्र घेऊन कागदी वस्तीत आला होता. पत्रात एकच वाक्य होतं : हेलकावा ही कै. भूपाल कुरुंदवाडे यांचीच कल्पना आहे. खाली सहीला जागा सोडली होती.

"बस की," उस्ताद म्हणाले. "का पँट भिजंल म्हनून हुबा हाईस?"

उल्हास हौदाच्या काठावर बसला. पँट भिजलीच.

"हितंच बसायचा तुझा बा. सात म्हैने."

"अण्णा? इथं?"

"मग काय. पयलं यंत्र फसलं हुतं न्हवं त्याचं."

पुस्तकात पहिलं यंत्र दोन दिवसांत बिनचूक चालू लागलं होतं. 

"त्याच्यावरचा कागद केळीच्या पानावानी फाटायचा. उभा, सरळ, सर्र करून. गिरनीवाल्यानं यंत्र परत धाडलं. मग आला माझ्याकडं. म्हनला, उस्ताद, तुमचा कागद असा फाटत न्हाई. मला शिकवा."

"आणि तुम्ही शिकवलंत."

"न्हाई."

"मग?"

"मी माझं काम करायचो. त्यो बघत बसायचा."

उस्तादांनी आणखी एक ताव उचलला. हलवला. पालथा केला.

"एक दिस इचारलं त्यानं. उस्ताद, चाळन आडवी का हलवता?"

"काय सांगितलंत?"

"म्हनलं, म्हाईत न्हाई."

म्हातारा चेष्टा करतोय असं उल्हासला वाटलं. पण उस्तादांचा चेहरा गंभीर होता.

"माजा अब्बा हलवायचा. मी हलवली न्हाई की पाठीत धपाटा बसायचा. म्हनून हलवायला लागलो."

"म्हणजे हेलकावा तुमच्या अब्बांचा?"

"त्यांच्या पाठीत कुनी घातला असंल, त्याचा."

पलीकडे ताव वाळत घालणाऱ्या उस्तादांच्या सूनबाई हसल्या. उल्हासला हसू आलं नाही. एवढ्या लांब तो कुणाचे धपाटे मोजायला आला नव्हता.

"उस्ताद, असं पुस्तकात लिहिता येत नाही."

"मग नगं लिहूस."

"पण काहीतरी एक लिहावंच लागेल. तुमचा म्हणा, नाहीतर अण्णांचा म्हणा. तुमचा असेल तर मी…" तो अडखळला. "तर मी काय करायचं ते बघीन. पण अण्णांचा असेल, तर एवढी सही द्या."

त्यानं पत्र पुढे केलं.

उस्तादांनी चाळण बाजूला ठेवली. लुंगीला हात पुसले. पत्र घेतलं नाही.

"बुक बघू तुजं."

उल्हासनं पुस्तक दिलं. जाडजूड होतं, वर सोनेरी अक्षरं होती. आता उस्ताद पहिलं प्रकरण उघडतील, आपण पान काढून द्यावं, म्हणून तो पुढे सरकला. उस्तादांनी मजकुराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी मधलंच एक पान चिमटीत धरलं, अंगठ्यानं चोळलं आणि उजेडाकडे करून पाहिलं.

"कागद कुनाचा?"

उल्हास जरा ताठ बसला.

"आपल्याच नव्या यंत्राचा. डिझाइन माझं स्वतःचं. अण्णांच्या यंत्राच्या तिप्पट वेग आहे, उस्ताद. शेवटचं प्रकरण त्याच्यावरच आहे."

"मागचं कोरं पान फाडू?"

"फाडा की."

उस्तादांनी पान काढलं आणि वरून खाली फाडलं. सर्र. पट्टी लावून कापावं तशी कड निघाली.

मग तोच तुकडा आडवा धरून फाडला. तो वाकडातिकडा फाटत भलतीकडेच गेला.

मग त्यांनी शेजारच्या ढिगातला स्वतःचा एक वाळलेला ताव घेतला. उभा फाडला. आडवा फाडला. दोन्ही कडा सारख्याच, दोन्हीकडे तंतू बाहेर आलेले.

सगळे तुकडे त्यांनी हौदाच्या काठावर ओळीनं मांडले.

"यंत्राचा कागद थोडाफार असा फाटणारच," उल्हास घाईघाईनं म्हणाला.

"थोडाफार फाटतो. म्हाईत हाय मला."

उस्तादांनी सरळ फाटलेल्या कडेवर बोट ठेवलं. "नव्या यंत्रात हेलकावा हाय न्हवं?"

उल्हास त्या तुकड्यांकडे बघत राहिला.

"काढला," तो म्हणाला.

"का?"

"वेग वाढवला की हेलकाव्यानं सगळं यंत्र हादरायचं. बोल्ट ढिले व्हायचे. मग म्हटलं, एवढ्याशा हलण्यानं असा काय फरक पडणार आहे."

 उस्ताद रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं उल्हासला वाटून गेलं.

महिन्याभरापूर्वी एका गिरणीचं पत्र आलं होतं. तुमच्या नव्या यंत्रावरच्या कागदाच्या पिशव्या केल्या, त्या पिठाचं वजन पडताच उभ्या फाटतात, काय करावं? उल्हासनं उलट टपाली कळवलं होतं, की दोष तुमच्या लगद्यात आहे. नंतर आणखी एक पत्र आलं. ते त्यानं फोडलंच नव्हतं.

 त्याला लाज वाटली, आणि ती दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोयही नव्हती. हेलकाव्यावर त्यानं बारा पानं लिहिली होती. तो कुणाचा म्हणून दोन रात्री तळमळला होता. आणि नव्या यंत्रातून तो त्यानंच, हातात पाना घेऊन, सगळ्या शॉपसमोर खोलून काढला होता. तेव्हा तोच जुना फोरमन शेजारी उभा होता आणि एक शब्द बोलला नव्हता.

"उस्ताद, ते पत्र राहू द्या."

"का? आन हिकडं."

"नको. खरंच नको आता."

"आन म्हनतो न्हवं. एवढ्या लांबनं आलास."

उस्तादांनी पत्र त्याच्या हातातून काढून घेतलं. डोळ्यांपासून लांब धरून, ओठ हलवत, ते एकच वाक्य वाचलं. मान डोलावली. मग उल्हासच्याच खिशातलं पेन काढलं आणि पुस्तक मांडीवर घेऊन त्याच्यावर पत्र ठेवलं.

सही करायला त्यांनी बराच वेळ घेतला. दावल इमाम कागदी, असं पुरं नाव लिहिलं. खाली तारीख घातली. कोपऱ्यावर ओल्या अंगठ्याचा डाग पडला.

उल्हासनं दोन्ही हातांनी पत्र घेतलं. ज्याच्यासाठी आला होता ते मिळालं होतं. घडी घालावी की उघडं धरावं, त्याला कळेना.

"उस्ताद… पण खरं काय?"

उस्तादांनी चाळण उचलली. पण हौदात बुडवली नाही. तशीच कोरडी धरून ते उल्हासकडे बघत राहिले.

"कुनाचा ते झालं लिहून," ते म्हणाले. "आता हाय कुनाकडं?"