मळ्याकडची भिंत

फार वर्षांमागची गोष्ट आहे. एका डोंगराळ राज्यात एक शेतकरी आणि त्याची बायको मळ्यातल्या झोपडीत राहत. राज्याचे नाव आता नक्की आठवत नाही, आणि चुकीचे सांगण्यापेक्षा न सांगितलेले बरे. झोपडी लहान होती, पण बायको दर वर्षी तिच्या भिंती पांढऱ्या मातीने पोतारत असे. दिवस मावळला तरी ती झोपडी विहिरीपासून उजळ दिसायची.

पुढे चार पिके चांगली आली. झोपडी पाडून तिच्याच जागी दगडी घर बांधायचे ठरले.

त्या राज्यात एक रीत होती. पाया खणण्याआधी मालकाने रोजच्या वाटेने जागेकडे चालत यायचे. जागेच्या ज्या बाजूवर त्याची नजर पहिल्यांदा पडेल तिथे गवंडी दगड ठेवी, आणि घराचे तोंड तिकडे होई.

शेतकरी रस्त्याच्या बाजूने चालत आला.

गवंडी म्हणाला, "मालक, तुम्ही रोज मळ्यातून येता. आज इकडून कसे?"

"पाहुणे रस्त्यानेच येतात ना. घर बघणार ते."

"आणि राहणार कोण?" असे पुटपुटत गवंड्याने दगड ठेवला.

घर उभे राहिले. रस्त्याकडे उंच ओटा झाला, कमानीचा दरवाजा झाला. मळ्याकडे मात्र काळ्या दगडाची, दार-खिडकी नसलेली आंधळी भिंत राहिली. भट्टीवरून आणलेला चुना एकाच भिंतीला पुरणार होता.

बायको म्हणाली, "अहो, चुना मळ्याकडच्या भिंतीला लावू या."

शेतकरी हसला. "तिकडून कोण बघतो? बैल?"

दोन वर्षांपासून दिवस मावळला की तिला दिसेनासे होई. फक्त पांढरे काही असले तर तेवढे अंधुक कळे. झोपडी होती तोवर ती तिच्या पांढऱ्या भिंतींच्या रोखाने घरी येत होती. पण नवरा इतका आनंदात होता की हे सांगून त्याला काळजीत टाकणे तिच्या जिवावर आले.

चुना रस्त्याकडे लागला, आणि मळ्याकडची उंच भिंत एकटीने पोतारणे बायकोला झेपणारे नव्हते. तेव्हापासून ती मोटेच्या म्हाताऱ्या बैलाचे शिंग धरून घरी येऊ लागली. शेतकरी आताशा दुपार कलली की घरी येई आणि ओट्यावर बसे. तिला घराला वळसा घालून दरवाजाशी यावे लागे. नवऱ्याने विचारले तर म्हणे, "बैल दमतो हो, म्हणून धरते."

एके दिवशी बैलाचा खूर दुखावला आणि तो गोठ्यातच राहिला. दिवस मावळला तेव्हा शेतकऱ्याच्या ओट्यावर एक वाटसरू टेकला होता.

"राजवाड्यातली कमान उचलून आणलीत की काय?" वाटसरू म्हणाला.

शेतकरी खुलून काही सांगणार, तोच गोठ्यातून आवाज आला. "धनी, ती अजून आली नाही."

शेतकरी दचकून गोठ्यात गेला. बैल म्हणाला, "इतकी वर्षे मी बोललो नाही, आजही बोललो नसतो. पण मावळतीनंतर तिला दिसत नाही. माझे शिंग धरून येते ती. आणि मी किती दिवस पुरणार?"

शेतकरी अनवाणीच धावला. ती विहिरीपासून चार पावलांवर जमिनीवर बसली होती, दोन्ही तळवे मातीला टेकून.

"पाण्याचा गारवा लागला," ती म्हणाली. "वाटले, आता हलू नये."

तो तिच्याजवळ बसला. मग म्हणाला, "मला सांगितले का नाहीस?"

"भिंतीचे सांगितले होते."

त्याने तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि तिला घरी आणले.

दुसऱ्या दिवशी त्याने ओढ्यातून पांढरी माती आणली आणि मळ्याकडची भिंत स्वतःच्या हातांनी पोतारली. गवंड्याला बोलावून त्या भिंतीत एक लहान दार पाडून घेतले. दिवस मावळल्यावर तो तिला विहिरीपाशी घेऊन गेला.

"दिसते का गं?"

"दिसते. पण उजव्या कोपऱ्यात हात कमी फिरलाय."

त्याने दुसऱ्या दिवशी तो कोपराही पोतारला.

पुढे रस्त्याकडचा चुना पावसापाण्यात उडाला आणि कमानीचे कौतुक करायला कोणी थांबेना. शेतकऱ्याने तो चुना पुन्हा लावला नाही. मळ्याकडची भिंत मात्र दर वर्षी पांढरी होत राहिली. बैल गेला, त्यानंतरही ती रोज संध्याकाळी एकटी, सरळ चालत घरी येत राहिली.

या गोष्टीतून मला तरी एवढेच कळले: घराचे तोंड कुठे असावे, हे ते बघून पुढे जाणाऱ्याला नव्हे, रोज थकून घरी परतणाऱ्याला विचारावे.